डावा कोपरा

शहरातल्या निम्म्या दवाखान्यांत आणि हॉटेलांत मासे होते, आणि त्या सगळ्यांचं दाणापाणी एकाच माणसाकडे होतं. लोक त्याला टाकीवालाच म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडे पेशंट माशांकडे बघत बसले की कण्हायचं विसरतात, असं खुद्द डॉक्टरच सांगत. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र औषधालासुद्धा मासा नव्हता. बायको म्हणायची, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याकडेच राहायला आलाय."

घरी टाकी आली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर बंदरावर क्रेन चालवलेला माणूस. वर आभाळ, खाली पाणी आणि मध्ये हे. आवाज असा की घरात मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन यावी. आई गेली आणि तो आवाजही गेला. दार लोटून खोलीत बसून राहायचे. ताट जसं आत जाई तसं बाहेर येई. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि टाकीवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आजार काही नाही. उठायला कारण नाही, एवढंच. पण असंच चाललं तर फार दिवस काढायचे नाहीत ते." आईमागोमाग अण्णाही जाणार, या विचाराने टाकीवाल्याला रात्रीची झोप लागेना.

"अण्णा, मासे ठेवूया का घरात?"

"ती पोहणारी फुलं तुझ्या डॉक्टरांना लखलाभ." अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले. मग थोडं थांबून, "ठेवायचाच तर चावणारा ठेव."

बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून सबंध वाक्य आलं होतं. टाकीवाला दुसऱ्याच दिवशी कामाला लागला.

चावऱ्या माशांचं घर म्हणजे पोरखेळ नव्हे. त्यांचं खाणं मोठं, म्हणून घाण मोठी, म्हणून पाणीही मोठं लागतं. त्याने जाड काचेची माणसाच्या उंचीएवढी लांब टाकी आणली. खालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी बसवली. वरचं पाणी तिथे उतरून गाळून पुन्हा वर जाणार. समुद्री मीठ कालवलं, समुद्रातले भोकाभोकांचे दगड रचले. वर झाकण, आणि झाकणाला चाप, कारण हे मासे बोटभर फट मिळाली तरी बाहेर पडतात आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेले सापडतात. टाकी हॉलमध्ये अशी लागली की तिचं उजवं टोक अण्णांच्या दाराशी आलं आणि डावं खिडकीकडे गेलं.

अण्णा खुर्ची घेऊन बाहेर आले. टाकीवाल्याला तेवढ्यानेच गहिवरून आलं, पण तसं दाखवायची त्यांच्या घरात रीत नव्हती. तो नियम सांगत बसला.

"पाणी आधी मुरावं लागतं. रिकाम्या टाकीत कोळंबी टाकायची, ती कुजू द्यायची. त्यावर जंतू वाढतात, आणि पुढे माशांची घाण तेच संपवतात. मग मासे. सगळ्यात गरीब असेल तो आधी, दांडगा शेवटी. जो आधी येतो तो जागा आपली समजतो. दांडगा आधी शिरला तर मागाहून येणाऱ्यांची धडगत नाही. आणि दांडग्याला उपाशी ठेवायचं नाही. उपाशी राहिला की तो आधी वळतो ते सगळ्यात अशक्त असेल त्याच्याकडे."

"माणसांसारखंच की," अण्णा म्हणाले.

"म्हणजे आता नुसत्या पाण्याला जेवू घालायचं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "बरं आहे. पाणी नावं तरी ठेवत नाही."

कोळंबी टाकायचं काम अण्णांनी घेतलं. चिमट्यात धरून, उजव्या बाजूच्या दगडाशी ती अलगद सोडायचे आणि खुर्चीत बसून बघत राहायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी टाकीवाला वास घ्यायला वाकला. अशा वेळी सडका वास यायलाच हवा. आला तो नुसता समुद्राचा, ताजा. त्याने बाटलीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. काही कुजत असेल तर पाणी हिरवं होतं. ते पिवळं ते पिवळंच राहिलं.

"कोळंबी टाकताय ना, अण्णा?"

"रोज."

"मग गेली कुठे?"

"खाल्ली," अण्णा म्हणाले, "तो काय उपाशी राहील?"

टाकीवाला हसला. समुद्रातल्या दगडांबरोबर खेकडा-बिकडा घरी येतो, हे धंद्यातलं पहिलीचं पुस्तक. त्याने पडदे ओढले, लाल उजेडाची बॅटरी लावून फटी तपासल्या. काचेचा पेला तिरका ठेवून आत आमिष टाकलं. शेवटी सगळे दगड एकेक करून बादलीत काढले, गोड्या पाण्यात बुडवले, हलवले, झटकले. एक गोगलगाय निघाली, नखाएवढी. तिच्या जोरावर कोळंबी संपणं शक्य नव्हतं. आणि एक गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. साठलेली जुनी घाण दाखवणाऱ्या दुसऱ्या औषधाने पाणी लालभडक झालं होतं. इतकं लाल पाणी त्याने हॉटेलातल्या टाकीत पाहिलं होतं, जिथे हातभर लांबीचा मासा वर्षानुवर्षं खात आणि हगत होता.

"कुठेतरी पाणी मुरतंय," बायको म्हणाली.

"मुरायलाच हवं," तो म्हणाला. विनोद दोघांनाही फारसा आवडला नाही.

पण अण्णा जेवायला लागले होते. टाकीला घातलं की स्वतःही ताट घेऊन तिथेच बसत. दाढी केली. एका दुपारी भाजीत मीठ कमी म्हणून असे गरजले की शेजारीण खरंच दारात आली. बायकोने तोंडाला पदर लावून हसू दाबलं आणि मग आत जाऊन रडली. पाणी लाल होवो नाहीतर निळं, टाकीवाल्याने ठरवलं की आता या गोष्टीला हात लावायचा नाही.

मासे त्याने नियमाने आणले. आधी लायनफिश, पंखांना विषारी काटे असलेला, पण स्वभावाने गरीब. त्यानंतर सापासारखी लांब, दंडाएवढी जाड वाम. सगळ्यात शेवटी ट्रिगर, शंखशिंपले दातांनी फोडणारा गुंड. बायकोने बघताक्षणी त्याचं नाव दादा ठेवलं.

दादाने टाकीत उतरल्यावर एक फेरी मारली. म्हणजे मारायला निघाला. मधल्या दगडापर्यंत गेला आणि थांबला. मग तोंड उजवीकडेच ठेवून, मागे मागे सरकत तो डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे वाम आधीच होती. लायनफिशही होता. एरवी यांनी एकमेकांचे लचके तोडले असते. हे अंगाला अंग लावून उभे राहिले. दादा काचेला चिकटून सगळ्यात आत, त्याच्याशेजारी वाम, आणि बाहेरच्या बाजूला, सगळ्यांच्या पुढे ढकललेला, लायनफिश. तिघांची तोंडं उजवीकडे.

उजवीकडे काही नव्हतं. स्वच्छ पाणी आणि दगड.

पुढेही ते तसेच राहिले. उजवीकडे पडलेल्या खाण्याकडे एकही जात नव्हता, तरी ते नाहीसं व्हायचं. टाकीवाल्याने ते होताना बघायचा प्रयत्न केला. दर वेळी काहीतरी व्हायचं. फोन वाजायचा, शिंक यायची, पापणी लवायची. पुन्हा बघावं तर तिथे खाणं नसायचं.

"हे नका ठेवू घरात," बायको एकदा म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि वर बघत नव्हती. "मला नाही बरं वाटत."

"अण्णा जेवतायत."

"ते दिसतंय मला."

"मग?"

तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मासे घाबरलेत, अहो. तुम्हाला इतकं कळतं त्यांच्यातलं, आणि हे कळत नाही?"

त्याला कळत होतं. पण टाकी गेली तर अण्णा पुन्हा दार लोटून बसतील, ही भीती त्याला त्या दुसऱ्या भीतीपेक्षा मोठी वाटत होती. पुढच्या महिन्यात बघू, असं तो म्हणाला.

मग एका सकाळी झाकण उघडं सापडलं. चाप तुटले नव्हते. नीट काढून टाकीवर ओळीने ठेवले होते. खालच्या टाकीतलं पाणी खुणेच्या खाली बादलीभर उतरलं होतं, आणि लादी मात्र कोरडी ठणठणीत. टाकीवाल्याने मासे मोजले. तिघेही होते. इतकंच नव्हे, दादा उजव्या दगडावर ऐटीत फिरत होता, वाम फटीतून तोंड काढून बसली होती आणि लायनफिशचा एक पंख कोणीतरी कुरतडला होता. चावऱ्या माशांची टाकी जशी असावी तशी ती होती.

"झाकण तुम्ही काढलंत, अण्णा?"

"अडचण होत होती त्याला," अण्णा म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

टाकीवाल्याला इतकं हलकं वाटलं की त्याने पुढे विचारलंच नाही. त्या दिवशी दुसऱ्या औषधानेही पाणी लाल न होता पिवळंच राहिलं, सगळं बिनघोर. बायकोसाठी तो येताना फुलं घेऊन आला. ती म्हणाली, "पोहणारी नाहीत ना?" बऱ्याच दिवसांनी ती अशी बोलली.

अण्णा आता जेवण खोलीत नेत. एकाऐवजी दोन ताटं. दोन्ही घासून पुसल्यासारखी परत येत. मग त्यांनी आपली गादी हॉलमध्ये आणून टाकली. "त्याला जागा लागते," एवढंच म्हणाले. खोलीतली आईची शिलाई मशीन बाहेर काढायची राहिली होती, ती आणायला कोणी गेलं नाही.

अण्णा बारीक होत चालले होते. ते टाकीवाल्याच्या आधी बायकोच्या लक्षात आलं. दोन्ही ताटं आत जात होती, आणि अण्णा ती ठेवून लगेच बाहेर येत होते.

आज संध्याकाळी तिघं जेवायला बसली. बाजार बंद होता, घरात होतं ते थोडंच. अण्णांनी आपल्या ताटातलं सगळं दुसऱ्या ताटात काढलं, आत ठेवून आले आणि रिकाम्या ताटापुढे बसले.

"पुरणार नाही आज," ते हळू म्हणाले.

टाकीतला पंप गुरगुरत होता. बायकोचा दंड टाकीवाल्याच्या दंडाला लागला होता. जेवायचं टेबल खिडकीच्या भिंतीला कधी टेकलं, त्याला आठवेना. इतकी मोकळी जागा असताना तिघांच्या खुर्च्या एकाच बाजूला आल्या होत्या. तो स्वतः भिंतीशी, सगळ्यात आत. शेजारी ती. आणि बाहेरच्या बाजूला, सगळ्यांच्या पुढे, अण्णा.

तिघंही खोलीच्या दाराकडे बघत होती.

आतून ताट सरकल्याचा आवाज आला. रिकामं ताट सरकतं तसा.

आपण उठावं, अण्णांना आत भिंतीशी बसवावं आणि त्यांच्या जागी बसावं, हे टाकीवाल्याला स्पष्ट समजत होतं. वडिलांसाठीच तर सगळं मांडलं होतं. त्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरली, जराशी उचलली, आवाज होऊ नये म्हणून.

आणि भिंतीकडे आणखी थोडी सरकवली.