फुकटचं घड्याळ

“अथर्व, धाव! पुन्हा विग आला!” मामेबहीण क्षितिजा ओरडली.

अथर्व पोह्यांची प्लेट घेऊनच धावला. सुट्टीत तो देवासहून सुदामा नगरला, श्रीहरीमामांकडे आला होता. मामांनी घरच्या लॅपटॉपवर स्क्रीनवर वेळ दाखवणारं एक फुकटचं घड्याळ टाकलं होतं. त्याखाली सारख्या जाहिराती झळकत. पण कालपासून नुसते केसांचे विग!

“मामांच्या टकलासाठी!” अथर्व खो खो हसला. “चोरून शोधतायत! रंगेहाथ पकडू!”

“पण ब्राउझरची हिस्ट्री तर कोरी आहे,” क्षितिजा म्हणाली. “मग घड्याळाला सांगितलं कोणी?”

“रुक, टेस्ट करते हैं!”

अथर्वने ब्राउझरमध्ये कॅरम बोर्डांची साइट उघडली आणि लगेच हिस्ट्री पुसली. थोड्याच वेळात घड्याळाखाली कॅरम बोर्ड हजर!

“बाप रे! हे तर चुगलखोर आहे!”

क्षितिजाने घड्याळाच्या सेटिंग्ज उघडल्या. ‘ब्राउझरमध्ये पाहिलेल्या साइटचे पत्ते या प्रोग्रामला कळू द्या.’ पुढे होकाराची खूण होती.

“बाबा! याला परवानगी तुम्ही दिली?”

“अगं, फुकट होतं, दाबत गेलो हो-हो. वाचतो कोण ते सगळं?” बाबा डोकं खाजवत आले. “पण विग? मी नाही बुवा पाहिले!”

“झूठ!” म्हणत अथर्वने जाहिरात उघडली. आणि त्याचं हसू थांबलं. पहिलीच ओळ होती, ‘कॅन्सरच्या उपचारांत केस गेले असतील तर...’

दारात क्षितिजाची आई उभी होती.

“मी तर रोज सगळं पुसत होते,” ती म्हणाली.

“यामिनी?” बाबा तिच्याकडे वळले.

“पोरांची सुट्टी संपली की सांगणार होते. डॉक्टर म्हणतात, उशीर झालाय. फार पसरलाय.”

क्षितिजाने ती होकाराची खूण काढली. जाहिरात गेली. बाकी काहीच गेलं नाही.

“मामी, सॉरी,” अथर्व पुटपुटला. “आम्ही तर मस्ती...”

“सॉरी कशाला? मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही शोधलंत.” आईने दोघांना जवळ ओढलं. “हुशार आहात रे.”

क्षितिजाने तिच्या पदरात तोंड खुपसलं. “आई, आमचं काहीतरी चुकलं असेल ना? सांग ना, चुकलं म्हणून!”

आईने तिच्या केसांतून हात फिरवला.

“नाही गं,” ती म्हणाली. “अगदी बरोबर शोधलंत.”