गावठाणातला खोकला

खोकला आला की कुंदा आधी गोधडी शोधायची. तोंडात पदराचा बोळा, वरून गोधडी, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. घरातलं कुणी पाण्याचा तांब्या घेऊन धावत नसे, आधी खिडकी लावत. निंबवड्यात आताशा बऱ्याच घरी असंच चालायचं, आणि याला कारण चौकातला तो मेला खांब.

खांब दिसायला साधाच, विजेच्या खांबाएवढा. माथ्यावर मात्र आवाज टिपणारे कान होते. क्षयाचा खोकला तो साध्या खोकल्यातून बरोबर वेगळा काढायचा, एकच छाती दोनदा मोजायचा नाही, आणि गावात हजारी किती माणसं आजारी आहेत ते पाटीवर दाखवायचा. या आकड्याला सरकारी भाषेत रोगप्रमाण म्हणत. कुणाचं नाव खांब सांगत नसे, तरी गावानं त्याला चुगल्या म्हणायला सुरुवात केली होती. त्याच्याच आकड्यावरून गावाला औषधं यायची. थुंकी तपासायची सोय तर बंदच झाली. खांब असताना दुहेरी खर्च कशाला, असं वरच्या शहाण्यांना वाटलं.

तिथवरही ठीक होतं. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून ‘क्षयमुक्त गाव’ स्पर्धा निघाली, आणि निंबवड्याचं डोकं फिरलं.

सरपंच शालन ही कुंदाची थोरली जाऊ. बाई वाईट नव्हती हो! कुंदाला दिरासाठी तिनंच पसंत केलेलं, कुंदाची दोन्ही बाळंतपणंही तिनंच काढलेली. पण शेजारच्या गावाच्या वेशीवर क्षयमुक्तीची कमान लागली आणि तिथल्या पोरींना भराभर स्थळं यायला लागली. निंबवड्यातल्या ठरलेल्या सोयरिकी मात्र मोडत होत्या. ‘तुमच्या पाटीवर चार आहे’ म्हणून पाहुणे चहासुद्धा न घेता उठायचे. लोक येऊन शालनलाच बोल लावायचे.

"कुंदे, स्पर्धा होईस्तोवर मळ्यातल्या खोलीत राहशील का?" एके दिवशी तिनं विचारलं. "रस्त्यानं जाणारे ट्रकवाले मोजले जात होते, म्हणून खांबाला गावठाणाबाहेरचं मोजू नको असं शिकवलंय. ओढ्यापलीकडं गेलीस की सुटलो."

"आणि गोळ्या, आक्का?"

"मी स्वतः आणून देईन की!"

"मग जाते. तिथं मोकळं खोकता तरी येईल," कुंदा म्हणाली आणि हसली.

पाटीवरचा आकडा उतरत गेला आणि एका दुपारी शून्य झाला. पेढे वाटले. एकट्या कुंदाच्या जाण्यानं चारचा शून्य कसा झाला, हे शालनच्या मनात येऊन गेलं. पण त्या आनंदात कोण खोलात जातंय?

त्यानंतर दवाखान्यात क्षयाची औषधं आलीच नाहीत.

"शून्य रुग्णांना किती औषध पाठवणार, सरपंचबाई?" डॉक्टर मोकाशी वैतागून म्हणाले. "पुरवठा आपोआप होतो. मी हातानं कुंदाचं नाव घातलं की यंत्र ते काढून टाकतं. खांबाशी जुळत नाही म्हणतं."

"पण तुम्ही तिला डोळ्यांनी बघितलंय ना?"

"माझे डोळे विचारतो कोण? तालुक्यालाही हेच यंत्र. आणि हे औषध दुकानात मिळत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "तिला खांबाखाली आणा. एकदा खोकू दे. आकडा चढला की औषध सुटेल."

शालन उठून बाहेर आली. निंबवड्याच्याही कमानीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं. तेवढं होऊन जाऊ दे, मग आणू, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. नेमकं इथंच तिचं चुकलं. पाहुण्यांच्या सोयीनं कार्यक्रम पुढं जात राहिला आणि मळ्यात कुंदाचा ताप चढत राहिला.

उद्घाटनाच्या सकाळी शालन डबा घेऊन गेली, तर कुंदा भिंतीला टेकून बसलेली. ओठ निळसर पडले होते.

"आक्का, आता खोकला येत नाही."

"बरं वाटतंय का गं मग?"

कुंदानं नाही म्हणून मान हलवली. शालननं डबा तिथंच टाकला आणि दिराला हाक मारली. कुंदाच्या नवऱ्यानं, धनाजीनं, तिला पाठुंगळी घेतलं आणि दोघं धावतच चौकात आले. मांडव सजला होता, बँड वाजत होता, सगळं गाव नटून जमलं होतं.

"खोक गं, कुंदे! एकदा खोक! माझं काय व्हायचं ते होऊ दे!" खांबाखाली बसून शालन तिची पाठ चोळत होती, रडत होती.

कुंदानं सगळा जीव एकवटला. छाती वर आली, तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. गावात असताना इतके महिने जो दाबून ठेवला, तो खोकला आता मागूनही मिळेना. पाटीवर शून्यच राहिलं.

"दिसत नाही का रे मेल्या तुला!" शालन खांबावर ओरडली.

कुंदाची मान धनाजीच्या खांद्यावर कलंडली. डॉक्टरांनी धावत येऊन तिचं मनगट धरलं, बराच वेळ धरलं, आणि हळूच खाली ठेवलं. बँड थांबला.

त्या शांततेत ओढ्यापलीकडून खोकल्याचा आवाज आला, कदमांच्या मळ्यातून. मग गुऱ्हाळाच्या शेडमधून एक आला. मग टेकडीवरच्या गोठ्यातून, बारीक, लहान मुलाचा. मांडवातली माणसं एकमेकांकडं बघेनात. चारचा शून्य कसा झाला, ते शालनला आता कळलं. ज्यानं त्यानं आपापलं माणूस ओढ्यापलीकडं नेऊन ठेवलं होतं.

तिनं कुंदाचं डोकं मांडीवर घेतलं आणि समोरच्या एकेका तोंडाकडं बघितलं.

"कुणाकुणाचं आहे तिकडं?" तिनं विचारलं. "आज आणताय का त्यांना, का त्यांचाही खोकला बंद व्हायची वाट बघताय?"