फाटक्या वेताची खुर्ची

बैठक

"संध्याकाळी मगरिबची अजान झाली, की शेठ पोलिसांना फोन करणार. मॅडम, माझे मिस्टर हेमचंद्र चोर नाहीत."

आखातातलं अल मनखूल, तिथलं छोटं ऑफिस. खासगी तपास करणारी सुनेत्रा ऐकत होती. तिचा मदतनीस विलास पाणी पुढे करत होता. समोर बसलेल्या शुभ्राने ग्लास घेतला, पण प्यायली नाही.

"खुर्ची कसली?" विलासने विचारलं.

"सागवानी, वेताची. सत्तर वर्षांपूर्वी फ्रेंच डिझायनरने सरकारी ऑफिससाठी केलेली. शेठच्या गोदामात चार आहेत. काल एक डुप्लिकेट निघाली. साठ हजार दिरहॅम, म्हणजे चौदा लाख. एका खुर्चीचे. हे स्टोअरकीपर, म्हणून आळ यांच्यावर. फक्त मंगळवारी हे गोदामात नव्हते. मूळ खुर्चीचा वेत फाटला, तेव्हापासून यांना झोप नव्हती. माल मोडका निघाला तर नोकरी गेली, असं शेठ म्हणायचे."

"तुम्ही गोदामात गेला होतात?"

"कधीच नाही. तिथल्या ड्रायव्हरलाही ओळखत नाही मी."

हात

रास अल खोरमधलं शेठचं गोदाम. शुभ्रा गाडीतच थांबली. दारात ड्रायव्हर तहा.

"मंगळवारी इथे कोण होतं?" सुनेत्राने विचारलं.

"मैं अकेला. हेमचंद्र भाई काम से उम्म अल कुवैन गए थे." मग हळूच, "भाभी अब भी रो रही हैं क्या?"

"चांगला माणूस," विलास म्हणाला.

सुनेत्रा समोरच्या वेत विणणाऱ्या दुकानाकडे बघत होती.

आत नीरवशेठ. "बघा. चकाचक. बाकीच्या तीन कळकट. अरे, आपण कळकटपणाच विकतो. जुनं पॉलिश, जुना वेत."

"हे हेमचंद्रना सांगितलं होतं?"

"स्टोअरकीपरला कशाला?"

सुनेत्राने खुर्ची उलटी केली. पायांचे तळ काळे. नखाने खरवडलं, निघेना. बाकी तिन्हींचेही तसेच.

कोपऱ्यात हेमचंद्र. "मला काही सांगायचं नाही. शुभ्राला आत आणू नका."

शुभ्रा गाडीतून उतरून दारात उभीच होती.

पाय

"खुर्ची बदललेलीच नाही," सुनेत्रा म्हणाली. "वर्षानुवर्षं ओल्या फरशीवर उभं राहून हे काळं लाकडात मुरलंय. नव्या खुर्चीत कुठून येणार? वरून पॉलिश केलं, तळ राहून गेले. तहा, तू मघाशी 'अब भी' म्हणालास. म्हणजे भाभींना तू आधी रडताना पाहिलंस."

तहाने मान खाली घातली. "मंगल को भाभी और मैं ही उसे सामने की दुकान में ले गए. भाभी बोलीं, नहीं तो भाई की नौकरी जाएगी."

"मी नीट करून परत ठेवली होती," शुभ्रा म्हणाली. "यांना कळलं तर रागावतील, म्हणून लपवलं. मला वाटलं, नंतर कुणीतरी ती चोरून दुसरी ठेवली."



"नवा वेत पाहताच हेमचंद्रनी ओळखलं, हे शुभ्राचंच काम," सुनेत्रा म्हणाली. "फाटल्याचं त्यांनी फक्त घरी सांगितलं होतं. म्हणून गप्प."

"चोरी नाही. खलास, पोलीस नाहीत," नीरव म्हणाला. "पण खुर्चीची किंमत गेली ना? ते नुकसान कुणाच्या नावावर?"

"माझ्या. मीच तिला सांगितलं होतं," हेमचंद्र म्हणाला.

"खोटं बोलतायत," शुभ्रा म्हणाली. "शेठ, मला विचारा."

"हेमचंद्र, उद्यापासून येऊ नका."

शुभ्रा भिंतीला टेकली. विलासने स्टूल शोधलं, मिळेना.

नीरवने पायानेच ती चकचकीत खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बसा भाभी. आता बसलं तरी चालतंय."