डाव्या पायाचा ब्रेक

चष्मेवाले गॅरेजात पोहोचले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. मोटरसायकल जवळजवळ तयार आहे, असा मिस्तरींचा निरोप सकाळी आला होता. ती नुसती पाहून यायची, एवढेच काम. धुके मात्र अजून उठले नव्हते. रस्त्यावरचे दिवे भरदुपारी जळत होते आणि त्यांच्या उजेडात काहीही उजळत नव्हते.

गाडी मधोमध उभी होती. गर्द हिरवी टाकी, तिच्यावर हाताने ओढलेली सोनेरी रेघ. अकरा वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांनी स्वतःच विकलेली ही विलायती मोटरसायकल मिस्तरींनी तिसऱ्या मालकाच्या गोदामातून शोधून आणली होती. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे होता आणि त्यात काळ्या तेलाचा थेंब सावकाश पडत होता.

"गळते अजून," चष्मेवाले म्हणाले. आवाजात कौतुक होते.

"गळणारच. गळायची थांबली की समजायचं, आत तेलच उरलं नाही." मिस्तरी हसले. "अहो, लग्नाला निघाल्यासारखे हातमोजे काय घालून आलात? आज नाही मिळायची. उद्या या."

"अकरा वर्षं थांबलो, मिस्तरी."

"मग एक दिवस काय जड आहे? मी लेथवाल्याकडं जाऊन येतो. तोवर डोळे भरून बघा. हात लावू नका हं, सांगून ठेवतो."

मिस्तरी गेले, आणि चष्मेवाल्यांनी हात लावला.

त्यांची पत्नी या गाडीला सवत म्हणत असे. "माझ्या सवतीने पुन्हा फरशी खराब केली, पुसा आता तुम्हीच," असे म्हणून फडके भिरकावी, आणि रविवारी त्याच सवतीवर त्यांच्या मागे दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसे. बसली की उजव्या खांद्यावर दोन थापा देई. दोन थापा म्हणजे निघा. बावीस वर्षे हा क्रम चुकला नाही. पुढे चष्मेवाल्यांचा गुडघा किक मारताना कुरकुरू लागला, आणि बटणावर सुरू होणारी नवी गाडी घेण्याचा हट्ट तिनेच धरला.

जुन्या विलायती गाडीचा गिअर उजव्या पायाशी असतो, ब्रेक डाव्या पायाशी. नव्या गाडीत सारे उलट. नवी गाडी आल्याच्या चौदाव्या दिवशी, पंपघराच्या उतारावर, वळणापलीकडे लाकडांची ट्रॉली आडवी अडकली होती. चष्मेवाल्यांनी ती वेळेवर पाहिली. जन्मभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाचे डोळे चुकले नाहीत, पाय चुकला. डाव्या पायाने जीव खाऊन ब्रेक दाबला, आणि तिथे ब्रेक नव्हता. तिथे गिअर होता. ते वाचले. ती वाचली नाही.

त्या दिवसापासून डावा पाय दाबतच होता. झोपेत गादी दाबी, दुकानात टेबलाखालची फरशी दाबी. त्या पायाला त्याच वळणावर त्याचा हरवलेला ब्रेक एकदा द्यावा, गाडी एकदा थांबवून दाखवावी, म्हणजे तो शांत होईल, या एकाच आशेवर चष्मेवाले जगत आले होते.

त्यांनी पेट्रोलचा कॉक उघडला. कार्बुरेटरची घुंडी बोटे ओली होईपर्यंत दाबली, किक हलकी करणारी बारीक खटकी ओढून ॲमीटरचा काटा मध्यावर आणला आणि किक मारली. पहिल्याच किकेला तो जुना, संथ, भरदार ठोका छातीत उतरला. ते गाडीवर बसले.

मागची स्प्रिंग करकरली आणि खाली गेली. लोकरीच्या कोटाला येतो तसा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. तिचा कोट त्यांनी स्वतः पेटीत घालून ठेवला होता.

उजव्या खांद्यावर दोन थापा पडल्या.

चष्मेवाल्यांनी मागे वळून पाहिले नाही; ते निघाले. वाटेत जिथे वेग आवरायचा तिथे हाताचा ब्रेक वापरला. पायाचा त्यांनी वळणासाठी राखून ठेवला होता. पंपघर धुक्यातून वर आले. उतार लागला. त्यांनी हाताच्या ब्रेकवरची बोटे सोडली आणि डावा पाय दाबला.

ब्रेक घट्ट, भरीव लागला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"थांबली... पाहिलंस ना? थांबली गं..."

मागची स्प्रिंग हलकेच वर आली. चष्मेवाले धुक्यात लहान मुलासारखे रडले.

ते परतले तेव्हा मिस्तरी दारातच उभे होते. चेहरा पांढराफटक, मूठ आवळलेली.

"उतरा आधी. पायाचा ब्रेक... दाबलात कुठं?"

"एकदाच. पंपघराच्या उतारावर."

"आणि गाडी थांबली?"

"जागच्या जागी."

मिस्तरींनी मूठ उघडली. तळहातावर बोटाच्या पेराएवढी, नवी कोरी लोखंडी खीळ होती. "ब्रेकची सळई मागच्या चाकाला या खिळीनं जोडायची. आत्ता करून आणतोय मी." ते खाली वाकले आणि पेडल एका बोटाने दाबले. पेडल मेल्यासारखे खाली पडले. सळई मोकळी लोंबत होती.

चष्मेवाले भिंतीला टेकले. म्हणजे पाय पुन्हा पोकळीतच दाबला होता. पुन्हा तसाच. गाडी थांबवली होती ती त्यांनी नव्हे.

"चष्मेवाले..." मिस्तरींचा आवाज उतरला. "तुमच्या बुटावर पाय कुणी दिला?"

डाव्या बुटावर तेलकट ठसा होता, बायकी चपलेचा. टाच घोट्याकडे, बोटे पुढे. समोर उभ्या माणसाने पाय दिला असता, तर ठसा उलटा उमटला असता.

बूट त्यांनी त्याच संध्याकाळी पुसला. ठसा गेला. गाडी गॅरेजातच राहिली. मिस्तरी आता तिच्यावर ताडपत्री टाकून ठेवतात, आणि तिच्याखाली तेल गळणे बंद झाले आहे.

चष्मेवाल्यांचा डावा पायही आता दाबत नाही. गिऱ्हाइकाला समोरच्या पाटीवरची अक्षरे वाचायला सांगून ते काच बदलत असतात, तेव्हा टेबलाखाली त्या पावलावर हळूहळू वजन येते. आधी टाच, मग बोटे. ते पाय ओढून पाहतात; निघत नाही. गिऱ्हाईक अक्षरे वाचत राहते, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.

मग उजव्या खांद्यावर दोन थापा पडतात.