शिट्टीमास्तरांना बोलावणं

मला आजवर कोणी घाबरवू शकलेलं नाही. पोलीस नाही, सासरा नाही, भूत तर नाहीच. हां, एकदा एक बदक मागे लागलं तेव्हा मी तासभर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर बसून होतो, आणि दात काढायच्या खुर्चीत दोनदा बेशुद्ध पडलो, तेही दात काढायच्या आधीच. तेवढं सोडलं तर कोणी नाही. आणि एक ती रविवारची दुपार. तिचंच सांगतो. खुर्ची जवळ ओढा, मला मोठ्याने बोलायचं नाहीये.

माझा धंदा पाट्या रंगवायचा. चौथीत शाळेने माझ्यापुढे हात जोडले, पण अक्षर असं की चालता माणूस थांबलाच पाहिजे. काही जण चुका मोजायला थांबायचे, ती गोष्ट वेगळी. एकदा दवाखान्यातल्या पाटीवर बाण मुद्दाम उलटा काढला. आठवडाभर मोतीबिंदूवाले म्हातारे बाळंतिणींच्या खोलीत शिरत होते.

माझी थोरली बहीण माझ्या अगदी उलट. ताई म्हणजे सरळ रेघ. तिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, शाळेत खेळाचे मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी पंच. सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणायचे, कारण गळ्यातली शिट्टी अंघोळीलाही उतरायची नाही. घरात तोंडाने बोलणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा, तीन लांब म्हणजे दार उघड, मी आलोय. आणि दार लगेच उघडलं पाहिजे. म्हणून मॅच असली की ताई संध्याकाळभर दाराशी स्टूल टाकून बसायची. छत्तीस वर्षं.

मी हसायचो. आम्ही सगळेच हसायचो. एकदा मी त्या शिट्टीतला दाणा काढून ठेवला. मास्तर दिवसभर फुसफुस करत फिरले. त्या रात्री ताईला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते मला फार वर्षांनी कळलं.

तीन वर्षांपूर्वी मास्तर गेले. आणि परवा-परवा ताई अचानक म्हणाली, "मला मॅच बघायचीय. इतकी वर्षं हा माणूस कुठे जात होता, तिथे असतं तरी काय, एकदा बघू दे." भाचीने लगेच दोन तिकिटं पाठवली. मी सोबतीला. काठी कोण आणि म्हातारा कोण, ते विचारू नका.

शहराच्या मधोमध ते नवं स्टेडियम. बंदिस्त, काच आणि पोलाद, पालथ्या घातलेल्या कढईएवढं गोल. कढई म्हणजे राक्षसाची. आम्ही गेट क्रमांक बारामधून आत गेलो. तपासणीवाल्याने काखेत यंत्र फिरवलं तेव्हा मी गुदगुल्या झाल्यासारखा खिदळलो. तो हसला नाही. पाट्या सगळ्या दिव्यांच्या, अक्षरं आपोआप सरकणारी; माझ्या धंद्याचं श्राद्धच. सरकत्या जिन्याने वर, मग अजून वर. बाहेर दुपारचे तीन वाजलेले, पण आत एक खिडकी नाही. ना दिवस, ना रात्र. खाली मध्यभागी तेवढं चकचकीत लाकडी मैदान, त्यावर छताला टांगलेला चौकोनी पडदा आणि सगळीकडे लाह्यांचा, पॉलिशचा वास. खुर्च्या स्प्रिंगच्या. उठलं की फटकन मिटायच्या. आमच्या उजवीकडचा अख्खा भाग रिकामा होता, सगळ्या खुर्च्या ओठ मिटून बसलेल्या.

मुलींची बास्केटबॉलची मॅच. ताई बघतच राहिली. "अगं बाई, केवढ्या उंच! यांच्याकडे कोण चहा मागतंय!"

तेवढ्यात पंचाने शिट्टी मारली आणि ताई उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही," म्हणून ती बसली. पुन्हा शिट्टी, पुन्हा उभी. मागचा माणूस वैतागला. ताईने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "पाय ऐकतच नाहीत रे," ती म्हणाली. "पण मी सांगते तुला, आज ही मॅच मी शेवटपर्यंत बसून बघणार. कोणी कितीही बोलावू दे. मरायच्या आधी मला एवढं एकच करायचंय."

आता शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मध्यंतरात मी पाय मोकळे करायचं निमित्त काढून खाली गेट बाराशी गेलो. तिथे मदतकक्ष होता. चुकल्यामाकल्यांची घोषणा करणारी एक मुलगी बसलेली.

"एक गृहस्थ हरवलेत," मी म्हणालो. "शिट्टीमास्तर म्हणा, तेवढ्यावर ओळखतील. बायकोने गेट बाराशी बोलावलंय, ताबडतोब या, असं सांगा."

"कसे दिसतात, आजोबा?"

"उंच. मान डावीकडे कललेली. गळ्यात शिट्टी."

"कधीपासून सापडत नाहीयेत?"

"झाली की तीन वर्षं."

तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. खरंच होतं ते. पण मी तोंड इतकं पडेल केलं की तिने माइक ओढला. जन्मभर ज्याने शिट्टीवर बोलावलं, त्याला एकदा भर सभेत बायकोचं बोलावणं जाऊ दे, एवढीच माझी गंमत.

मी वर पोचतोय तोवर घोषणा घुमली. पडद्यावर अक्षरंही आली. हजारो लोक आणि शिट्टीमास्तर! ताईने तोंडावर हात घेतला. मग हात काढला आणि हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "गाढवा," म्हणाली, "वयाची तरी लाज ठेव."

मग दिवे मालवले. मध्यंतरातला नाच सुरू होणार होता. लोकांनी मोबाइलचे दिवे लावले, समोरच्या बाजूला काजवेच काजवे. आमच्या उजवीकडे मात्र काळोख. गलका हळूहळू ओसरला आणि त्यात मला एक आवाज आला.

टक्.

रिकाम्या भागात, पार खाली, जिन्याकडेची पहिली खुर्ची उघडली आणि मिटली. मग तिच्या वरच्या ओळीतली. टक्. मग तिच्याही वरची. म्हातारा माणूस गुडघे दुखत असताना प्रत्येक खुर्चीवर हात टेकत जिना चढतो ना, तसं. मधेच थांबायचं. दम खाल्ल्यासारखं. पुन्हा टक्.

"ताई..."

"ऐकतेय मी," ती म्हणाली. "डावा गुडघा दुखायचा त्यांचा."

मला काहीतरी विनोद सुचायला हवा होता. सहा ओळी राहिल्या... चार... दोन. आमच्या ओळीत आवाज झाला नाही. फक्त ताईच्या पलीकडची खुर्ची हळूच खाली गेली आणि खालीच राहिली. पेपरमिंटचा वास आला. मास्तर दिवसभर त्या गोळ्या चघळायचे.

आणि शिट्टी वाजली. मैदानावर नाही, तिथे पंचही नव्हता. ताईच्या कानाशी. आत दाणा फिरतानाचा ओला घर्रघर्र आवाजसुद्धा मला ऐकू आला. एक लांब. ताईच्या टाचा उचलल्या गेल्या.

दुसरी. तिचे गुडघे सरळ व्हायला लागले. मी तिचं कोपर धरलं.

"नको उठूस... ताई, नको..."

तिसरी शिट्टी आली. इतकी लांब की एवढा श्वास कोणाच्या छातीत मावतो असं वाटावं. ताई अर्धी उभी होती, पाठीतून वाकलेली, स्टुलावरून उठताना वाकायची तशीच.

"सोड," ती मला म्हणाली. "मी उठत नाहीये. नीट बसतेय."

आणि ती बसली. सगळं वजन टाकून, पाठ टेकून. मग त्या खुर्चीकडे तोंड वळवून ती बोलली. हळू, पण सगळे शब्द सुटे. "पाणी हवं असेल तर खाली नळ आहे. चहा हवा असेल तर रांग आहे. आणि दार? इथे बारा-पंधरा दारं आहेत, सगळी आपोआप उघडतात. माझा खेळ चाललाय."

खुर्ची हलली नाही. वास वाढला. काळोखात मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि दुसरा एक.

तेव्हा माझ्या त्र्याहत्तर वर्षांच्या बहिणीने दोन बोटं तोंडात घातली. लहानपणी मीच तिला शिकवलं होतं. लग्नानंतर तिने कधी वाजवली नव्हती. अशी सणसणीत शिट्टी घातली तिने, की पुढच्या चार ओळींनी माना वळवल्या आणि मागच्या वैतागलेल्या माणसाने टाळी वाजवली.

पलीकडची खुर्ची फाटकन मिटली. दिवे लागले.

उरलेली मॅच ताईने बघितली. शेवटचा चेंडू जाळीत पडेपर्यंत बघितली. पंचाने शिट्ट्या मारल्या, तिची बोटं दर वेळी खुर्चीच्या हातावर आवळली, पण ती एकदाही उठली नाही. कोण जिंकलं ते मला विचारू नका. मी दुसऱ्या अर्ध्या भागात फक्त जिना बघत होतो.

निघताना मी म्हटलं, "गेट चारने जाऊ. तिकडे गर्दी कमी."

"आले बाराने, जाणार बाराने," ताई म्हणाली.

मदतकक्षातल्या त्या मुलीने आम्हाला बघून हात केला. चेहरा खुललेला. "आजोबा, आले होते की तुमचे! मध्यंतर संपता संपता. मान कललेली, म्हणून लगेच ओळखलं. पण काय हो, एवढ्या वयाच्या माणसाला अनवाणी कसं सोडलंत?"

मी मागे वळून जिन्याकडे बघितलं.

"मी म्हटलं, आजी येतीलच, बसा. ते म्हणाले, नको..." मुलीने आठवून सांगितलं, "म्हणाले, मी घरी जाऊन थांबतो."

ताईने तिचे आभार मानले. दारं आपोआप उघडली. बाहेर अजून चांगलं ऊन होतं, लोक गाड्या शोधत होते, सगळं जिथल्या तिथे. मी ताईचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा मला थट्टा करावीशी वाटत नव्हती.

"ताई, चुकलं माझं," मी म्हणालो. "आज घरी जाऊ नकोस. माझ्याकडे राहा. हवं तितके दिवस राहा."

तिने हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"छत्तीस वर्षं तो माणूस जिवंत होता," ती म्हणाली, "तेव्हा नाही रे कधी म्हणालास, माझ्याकडे राहा?"