गाडीखालची जमीन

बाहेर त्रेपन्न अंश होते आणि गाडीचा एसी सुरू होत नव्हता. त्या काळी ही कुरकुरीची गोष्ट उरली नव्हती. भर दुपारी एसी बंद म्हणजे जिवाशी गाठ. टेकवाडी गावाबाहेरच्या उतारावर शीतशोध विभागाची गाडी कालपासून उभी होती. बॉनेट उघडून डॉ. सुलक्षणा आवटे दाबमापकाच्या काट्याकडे असे डोळे वटारून बघत होत्या, की भीतीने तरी तो वर चढावा.

"तेरा हवा, आठ दाखवतोय," त्या म्हणाल्या. "गाडीला वाटतंय गॅस गळाला. गॅसबरोबर तेल फिरतं, म्हणून कॉम्प्रेसर जळू नये यासाठी ती एसी लावूच देत नाही."

बशीर तडवी, त्यांचा भूशास्त्रज्ञ सहकारी, निळा दिवा घेऊन प्रत्येक सांधा तपासत होता. गळती असती तर गॅसमधला रंग हिरवा चमकला असता. "कुठेच काही नाही, मॅडम. मागच्या गावी, कोळवड्यालाही असंच झालं होतं. गॅस घातला तरी काटा ढिम्म. तशीच हाकली, तर वाटेत एसी आपोआप सुरू झाला आणि दाब इतका चढला की सुरक्षा झडपच उडाली!"

"तेव्हा मापक बिघडला होता. हा नवा आहे." सुलक्षणाबाईंनी गॅसचा शेवटचा डबा जोडला आणि अर्धा रिकामा केला. काटा किंचित हलला आणि निमूट आठवर येऊन बसला.

त्या दोघांचं काम तसं साधं होतं. गावाजवळ तीस अंशांखालची नैसर्गिक जागा, म्हणजे शीताश्रय, सापडला तर गावकऱ्यांनी राहावं. नाहीतर शहरातल्या गार मनोऱ्यांत जावं. टेकवाडीच्या विहिरी, घळी, देवळाचा गाभारा सगळं मोजून झालं होतं. वरून ड्रोनने चप्पा न् चप्पा टिपला होता. शीताश्रय नव्हता. संध्याकाळी तसा अहवाल जायचा होता, आणि त्यावर सही सुलक्षणाबाईंची असायची.

सरपंच कौतिकाबाई ओली गोधडी पांघरून ताक घेऊन आल्या. उद्या ही बाई बेघर होणार हे ठाऊक असताना तिच्या हातचं ताक पिणं सुलक्षणाबाईंना जड गेलं. तरी त्यांनी पेला घेतला, आणि ओठांपर्यंत नेऊन तसाच थांबवला.

"बशीर, आपण मूर्ख आहोत."

"दोघंही?"

"घरचं सिलिंडर आठव. भरलेलं असो की संपत आलेलं, ज्योत सारखीच. आत थेंबभर द्रव शिल्लक आहे तोवर गॅस किती उरलाय हे दाब सांगतच नाही. तो फक्त तापमान सांगतो."

"पण तापमान तर त्रेपन्न आहे."

"इथलं. गॅसची नळी लांब आहे, आणि दाब ठरतो तो तिच्यातल्या सगळ्यांत थंड जागेवरून. सगळा गॅस तिकडे धावतो आणि द्रव होऊन बसतो. म्हणून वरून कितीही घातला तरी काटा हलत नाही. आठ म्हणजे पस्तीस अंश. ही नळी कुठेतरी पस्तीस अंशांवर आहे."

"या भट्टीत?"

दोघांनी एकदमच खाली पाहिलं. त्याच गॅसवर बॅटरी थंड ठेवणारी नळी गाडीच्या पोटाखालून जात होती.

बशीर पालथा पडून आत सरकला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मग आवाज आला, "वारा आहे इथं. गार वारा!"

काळ्या खडकात हातभर भेग होती. तिच्या तोंडाशी अठ्ठावीस अंश भरले. बशीर धूळ न झटकताच बोलत सुटला. "डोंगराच्या पोटात पोकळी असणार! तिचं एक तोंड वर असेल. उन्हाळ्यात आतली गार, जड हवा खालच्या तोंडातून वाहते." ड्रोनला तिथे गाडीचं टप तेवढं दिसलं होतं, आणि ती नोंद गाडीची म्हणून त्यांनीच वगळली होती. गाव धुंडाळताना या दोन शहाण्यांनी एवढीच जागा सोडली होती.

कौतिकाबाईंनी भेगेशी तळवा धरला आणि तोच गार हात तोंडावरून फिरवला. त्या रडत होत्या.

गाडी दहा पावलं पुढे घेतली. काटा सावकाश तेराला पोचला आणि एसी सुरू झाला. जास्तीचा गॅस काढून घ्यायला हवा, नाहीतर पुन्हा झडप उडेल, असं बशीर हसत म्हणाला. मग त्याचं हसू विरलं.

"मॅडम, कोळवड्याला..."

"मापक बिघडला नव्हता," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

शीताश्रय नाही, या त्यांच्याच अहवालावरून कोळवड्याची घरं गेल्या महिन्यात पाडली होती. बसमध्ये चढण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या सरपंचांनी एवढंच विचारलं होतं, की नीट पाहिलंत ना? आणि सुलक्षणाबाईंनी क्षणभरही विचार न करता हो म्हटलं होतं. एसीचा झोत तोंडावर येत होता. तो त्यांना सोसवेना. त्यांनी तो बंद केला.

कौतिकाबाई खिडकीशी आल्या. "म्हंजे आमचं गाव ऱ्हायलं ना, ताई? नीट पाह्यलं ना तुम्ही?"

"तुमचं पाहिलं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "त्यांचं नाही पाहिलं."