चित्रकार उभा होता ती जागा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर घरात आम्ही दोघं हा विषय काढत नाही.

मी नकाशे काढते. नवरा शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीसुद्धा. आम्हाला एक खूळ होतं. नावाजलेल्या चित्रकारांनी रानावनात जाऊन जी चित्रं काढली, ती नेमकी कुठे उभं राहून काढली, ते शोधायचं. चित्राची छापील प्रत डोळ्यांसमोर धरायची आणि मागेपुढे सरकत राहायचं. चित्रातला डोंगर समोरच्या डोंगरावर चपखल बसला, की समजायचं, तो माणूस इथेच उभा होता. त्या एका क्षणासाठी आम्ही पायांचे तुकडे पाडून घ्यायचो. माझी भावजय म्हणायची, "अहो, चित्र भिंतीवर आहे की! बसून बघा!"

त्या खेपेला आम्ही एका तळ्यावर निघालो होतो. त्या तळ्याचं चित्र हे एका फार मोठ्या चित्रकाराचं शेवटचं. काळं पाणी, पाण्यात एक खडक, मागे दुभंगलेला डोंगर. चित्र तळ्याकाठी सापडलं होतं. चित्रकार सापडला नाही.

रानाच्या तोंडाशी एका मावशींनी खोली भाड्याने दिली. सामान तिथे टाकून आम्ही चालत सुटलो आणि दुपार कलताना तळ्यावर पोचलो. ऊन होतं, आभाळ स्वच्छ होतं. तरी तिथे आल्याबरोबर मी स्वेटर अंगात घातला. कुजलेल्या पानांचा आणि ओल्या लोखंडाचा वास येत होता. पाखरू म्हणून बोलत नव्हतं.

खडक लगेच दिसला. डोंगरही तोच. पण चित्र काही जुळेना. चित्रात डोंगराची फट खडकामागे अर्धी लपलेली आहे. काठावरून बघावं तर ती सगळीच्या सगळी दिसत होती. आम्ही काठाने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो.

"नजर खाली हवी," मी म्हटलं. "आणि खडकाच्या जवळ. त्याने होडीत बसून काढलंय."

मास्तरने गुडघ्यावर बसून बघितलं, मग चक्क पालथा पडून. "होडीतूनसुद्धा इतकं खालून नाही दिसणार गं," तो म्हणाला. आणि बूट काढायला लागला.

"वेडा आहेस का?"

"कमरेपर्यंत जातो. तू काठावरून सांग."

चित्राची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात होती, ती उंच धरून तो पाण्यात उतरला. मी सांगत होते, "डावीकडे..." आणि समोरच्या डोंगरावरून माझाच आवाज परत येत होता, "डावीकडे..." आम्हाला हसू आलं. "दोन-दोन बायका हुकूम सोडतायत," मास्तर ओरडला. "मेलो आता!"

पाणी त्याच्या कमरेला लागलं. मग छातीला.

"बस झालं," मी म्हटलं.

डोंगरावरून आवाज आला, "पुढे..."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली.

"हो, सरकतो," मास्तर म्हणाला.

"मास्तर, मी नाही म्हटलं पुढे! परत फिर!"

"थोडं उजवीकडे..." आवाज माझाच होता. मी त्याला लाडीगोडीने काही सांगते ना, तेव्हा लागतो तसा. आणि तो आता डोंगरावरून येत नव्हता. माझ्या मागून, अगदी काठावरूनच येत होता.

मी वळून बघितलं नाही. तेवढा धीर माझ्यात नव्हता.

मास्तर हनुवटीपर्यंत बुडाला होता. "जुळतंय गं!" त्याचा आवाज आनंदाने थरथरत होता. "फट बरोबर अर्धी झाली! अजून जरासं..."

तेव्हा मला कळलं, ते चित्र कुठून बघितलेलं आहे ते. मी होते तशी पाण्यात उडी घेतली.

मला चांगलं पोहता येतं, त्याला बेताचंच. मी त्याला मागून काखेत धरलं, तसा तो किंचाळला. माझ्याशी झोंबायला लागला. लाथा मारल्या, माझं डोकं पाण्याखाली दाबलं. तोंडात पाणी गेलं, लोखंड चाटल्यासारखं. कशीबशी वर आले आणि ओरडले, "अरे, मी आहे! मी!"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग काठाकडे बघितलं. परत माझ्याकडे. त्याचा चेहरा... असो.

"तू तिथे आहेस," तो म्हणाला. "काठावर. हात करतेयस."

"बघू नकोस तिकडे. माझा हात धर."

"तू कोण आहेस?"

त्याच्या तोंडावर मी नखांनी ओरबाडलं, केस धरले आणि ओढत नेलं. काठाकडे नाही, खडकाकडे, आणि तिथून वळसा घालून पलीकडच्या उताराला. पाठीमागे माझा आवाज हाका मारत होता, आधी गोडीने, मग रडत. स्वतःचं रडणं असं लांबून ऐकू नये कुणी.

मावशींनी दार उघडलं, मास्तरच्या गालावरचे ओरखडे आणि माझा सुजलेला ओठ बघितला. "नवरा-बायकोची भांडणं घरी भांडावीत," एवढंच म्हणाल्या आणि पंचे आणून दिले. त्या रात्री आम्ही एकमेकांचे हात धरून बसून राहिलो.

पुढे आम्ही ते खूळ सोडलं. मास्तर बरा झाला. शाळेत जातो, मुलांना हसवतो. फक्त मी हाक मारली, की लगेच ओ देत नाही. आधी दारापर्यंत येतो, माझ्याकडे नीट बघतो, मग बोलतो. मी कधी त्यावरून बोलले नाही.

परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. तो जिना उतरून आला आणि बाहेरच्या खोलीच्या दारात थांबला. आत नीट निरखून बघितलं, हसला. "आलो, आलो," म्हणत आत गेला.

मी हाक मारली नव्हती.

ओल्या हातांनीच धावले. तो खुर्चीत एकटाच बसला होता. मला दारात बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. "आत्ता तर..." म्हणाला, आणि समोर बघायला लागला.

त्याच्या समोरची खुर्ची रिकामी होती. मी तिच्या बैठकीवर हात ठेवून बघितला.

उबदार होती.